चोचीवरचं टिंब

“सर, ही टिंबं तुम्ही स्वतः ठेवता, की तीही दुसऱ्या कुणाकडून ठेवून घेता?”

प्रश्न गौतमीचा नव्हता. तो दीपश्री आणि श्रीनिधी या मैत्रिणींनी एका प्लेट गिरमिटाच्या, म्हणजे मसालेदार चुरमुऱ्यांच्या, पैजेवर तिच्या गळ्यात घातला होता. पण उभी राहिली ती गौतमी, आणि आवाज निघाला तोही तिचाच, सभागृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत. एरवी हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही जिचा आवाज जुन्या पेनातल्या शाईसारखा मध्येच सुकायचा, ती ही गौतमी मेत्री, नववी ‘ब’.

प्रश्न सुचायला कारणही तसंच होतं. डॉक्टर वादिराज हुदलीकर, भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सव्वा तास शाळेत व्याख्यान देत होते, आणि त्या सव्वा तासात त्यांनी स्वतःच्या हातानं एकही वस्तू उचलली नव्हती. खिडक्यांचे पडदे ओढायला शिपाई. भिंतीवरचं चित्र बदलायला विज्ञानाच्या बाई. खोक्यातला दगडी शिंपला मुलांना दाखवायला पी.टी.चे सर, आणि तेही ‘जरा डावीकडं, अजून जरा, हां’ असं ऐकत ऐकत. पाण्याचा ग्लास तेवढा त्यांनी आपल्या हातानं धरला, पण वरचं झाकण काढायला परत बाईच. तोंडात मात्र एकच शब्द, मी. मी शोधले, मी मोजले, मी मांडले. श्रीनिधी वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढत होती. एकशे चौदा ‘मी’ झाल्यावर तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

विषय ऐकण्यासारखा होता, म्हणून तर जास्त राग. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात मेलेला शिंपला, त्याचा झालेला दगड. त्या दगडाचा फोटो काढायचा आणि फोटोवर बारा ठरलेल्या जागी बारा टिंबं ठेवायची. प्रत्येक शिंपल्यावर त्याच जागा, त्याच क्रमानं. मग संगणक सगळ्यांची टिंबं उचलून एकावर एक आणतो. लहान असेल त्याला मोठं करतो, मोठं असेल त्याला लहान, वाकडं पडलं असेल तर फिरवून सरळ करतो. “जागा काढली, लहानमोठेपणा काढला, वळण काढलं,” हुदलीकर म्हणाले होते, “आता उरला तो नुसता आकार.” मग संख्याशास्त्र त्या आकारांना कागदावर पांगवतं, सारखे आकार जवळ जवळ जमून एक ढग होतो, निराळे लांब जाऊन दुसरा. हे ऐकताना गौतमीच्या अंगावर खरोखर काटा आला. पुढच्याच वाक्याला ते म्हणाले की मुलींना हे चटकन कळावं, अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात त्यातलाच हा प्रकार. काटा आला तसा गेला.

तर प्रश्न विचारला गेला. मागच्या बाकांवरून हसू फुटलं. मुख्याध्यापक बाईंनी गौतमीकडं असं पाहिलं, की जणू हिनं आरती चालू असताना शिट्टी मारली. हुदलीकर मात्र रागावले नाहीत. मोठी माणसं अशा वेळी मंद हसतात, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट. त्यांनी नाव विचारलं. मग पूर्ण नाव विचारलं. गौतमी बुद्धभूषण मेत्री. “मेत्री,” असं त्यांनी एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं, बाजारात वांगं दाबून बघतात तसं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “एवढी शंका असेल तर ये की शनिवारी नवनगरला, माझ्या घरी. तूच ठेव टिंबं.”

टाळ्या पडल्या. हुदलीकरांना वाटलं, पोरीला गप्प केली. गौतमीला वाटलं, आपल्याला बोलावलं. गिरमीट तिनं त्याच संध्याकाळी वसूल केलं, वर दोन मिरची भजी घेऊन, आणि खाता खाता मैत्रिणींना सांगितलं की ती शनिवारी जाणार. दीपश्री म्हणाली, “सुम्नीर गं, गप बस, पैज प्रश्नाची होती, नोकरीची नव्हती.” पण एकदा उभं राहून बोललं की परत गप्प बसायचं कसं ते माणूस विसरतं. गौतमी तर विसरायला तयारच बसली होती.

हुदलीकरांच्या फाटकावरची पाटी फाटकाहून मोठी वाटायची, कारण पदव्या मावायला हव्यात. आत एका लाकडी कपाटाच्या दोन खणांत शिंपले कापसावर निजवलेले. तरुणपणी त्यांनी ते कच्छकडच्या एका ओढ्याच्या काठातून ट्रंक भरून आणले होते. काठाच्या खालच्या थरातले एकशे आठ खालच्या खणात, वरच्या थरातले एकशे चार वरच्या खणात. खालच्या खणातल्यांवर टिंबं ठेवून झालेली होती. वरचा खण गौतमीचा.

काम शिकवायला हुदलीकरांना चार मिनिटं लागली. चोचीवर एक, बिजागरीवर दोन आणि तीन, स्नायूच्या खुणेवर चार, मग कडेकडेनं बारापर्यंत, एवढं सांगून त्यांनी काठी घेतली आणि ते रायापूरच्या दिशेनं फिरायला निघाले. चोचीवर म्हणजे नेमकं कुठं, हे विचारायला गौतमीनं तोंड उघडेपर्यंत फाटकाची कडी वाजली होती.

आता शिंपल्याची चोच म्हणजे बिजागरीजवळचा फुगीर उंचवटा. तो वर चढतो आणि पोपटाच्या चोचीसारखा पुढं वाकून टोकाला येतो. गौतमीनं विचार केला, चोच म्हटली की टोक. पहिलं टिंब तिनं टोकावर ठेवलं. स्नायूची खूण म्हणजे आतल्या बाजूला जिवंतपणी स्नायू चिकटलेला असायचा तिथला गोलसर डाग. चौथं टिंब तिनं त्या डागाच्या मधोमध ठेवलं. आणि मग नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, जुन्या हुबळीहून बस धरून दर शनिवारी दुपारी येऊन, एकशे चारच्या एकशे चार शिंपल्यांवर ती इमानानं तिथंच ठेवत गेली. एक शिंपला तिला इतका आवडायचा की त्याला ती दर वेळी आधी बघायची, चौऱ्याहत्तर नंबरचा, कड जरा फुटलेला, तरी ऐटीत.

घरात चहा घेऊन यायच्या त्या अंबूताई, हुदलीकरांच्या बायको. पहिले दोन शनिवार त्या चहा ठेवून निघून गेल्या. तिसऱ्या शनिवारी थांबल्या, पडद्यावरच्या शिंपल्याकडं बघत राहिल्या आणि सहज म्हणाव्या तसं म्हणाल्या की खालच्या खणातली सगळी टिंबं त्यांची. नुसती तीच नाहीत. घरात संगणक आल्यापासून हुदलीकरांच्या प्रत्येक शोधनिबंधातली टिंबं त्यांनी ठेवली होती, आणि संगणकाआधी पातळ कागदावर सुईनं टोचली होती. मागच्या दिवाळीत डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि हात एकशे आठावर थांबला. आता शस्त्रक्रिया होऊन त्यांना मुंगीचे पायसुद्धा दिसायला लागले होते, पण हुदलीकर म्हणाले, डोळ्यांना ताण नको. यात काळजी किती आणि नवी पोर फुकट मिळाल्याचा आनंद किती, ते अंबूताईंनी सांगितलं नाही. गौतमीनंही विचारलं नाही. पैजेवरच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं, आणि ते ऐकून हसू आलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी दोनशे बारा शिंपले पूर्ण झाले. बटणं कुठली दाबायची ते हुदलीकरांनी खुर्चीतून सांगितलं, दाबली गौतमीनं. पडद्यावर ठिपके पांगले आणि दोन ढग झाले. लाल ढग डावीकडं, निळा उजवीकडं, मध्ये चक्क मोकळी वाट. खालच्या थरातले लाल, वरच्या थरातले निळे. संगणकानं खाली आकडाही दिला, की असं योगायोगानं घडायची शक्यता हजारात एकाहूनही कमी. हुदलीकर खुर्चीतून उठले, कुणी हात न देता उठले, आणि स्वतःचं बोट त्यांनी पडद्याला लावलं. एवढे कष्ट त्यांनी केलेले गौतमीनं पहिल्यांदाच पाहिले.

दोन प्रजाती. तीस वर्षं सगळं जग त्या शिंपल्याला एकच समजत होतं, आणि आता हुदलीकरांनी दुसरी शोधली. खालच्या थरातल्या नव्या प्रजातीची चोच उंच, स्नायूची खूण जरा पुढं सरकलेली. नाव त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नसतं, असा त्या लोकांत दंडक आहे. म्हणून ते आपल्या गावाचं, हुदलीचं नाव देणार होते. कच्छच्या ओढ्यातला बिचारा शिंपला, त्याच्या सात पिढ्यांनी बेळगाव जिल्हा पाहिला नव्हता. पण हुदली आली की हुदलीकर मागून आलेच, दंडकही मोडला नाही.

गौतमीला इथं हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण ती स्वतःच हवेत होती. सहलेखिका म्हणून तिचं नाव छापून येणार होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट, बंगळुरूला मे महिन्यात शाळकरी मुलांचं एक महिन्याचं विज्ञान शिबिर होतं, राहून, खऱ्या प्रयोगशाळेत, प्रत्येकाला वेगळा सूक्ष्मदर्शक. तिथं प्रवेशाला संशोधकाचं शिफारसपत्र लागतं, आणि हुदलीकरांनी ते लिहून दिलं होतं. म्हणजे लिहून ठेवलं होतं. द्यायचं होतं ते समारंभात. शाळा एका रविवारी मोठा समारंभ करणार होती, संस्थेचे अध्यक्ष येणार, फलकावर हुदलीकरांचा फोटो ताटाएवढा आणि गौतमीचा वाटीएवढा. पंधरा दिवस गौतमी रस्त्यानं चालली नाही, तरंगली. रिक्षावाल्याला तिनं प्रजाती म्हणजे काय ते समजावलं. श्रीनिधीला तर इतक्या वेळा समजावलं की ती म्हणाली, अक्का, आता तूच दगड हो.

या तरंगण्यात एक बारीकसा खडा लागला होता, तो तिनं चप्पल झटकून काढून टाकला. निबंधातलं टंकलेखन तपासायला हुदलीकरांनी तिला कागद दिले होते. त्यात एक वाक्य होतं, ‘सर्व टिंबे प्रथम लेखकाने स्वतः ठेवली आहेत.’ गौतमीच्या नावापुढं लिहिलं होतं, छायाचित्रांची जुळवाजुळव. अंबूताईंचं नाव तर आभारातही नव्हतं; आभारात छपाईचा कागद पुरवणारा होता. तिनं हळूच विचारलं, तर हुदलीकर म्हणाले की तसं लिहायची पद्धत असते. पद्धत असेल, असं म्हणून गौतमीनं स्वल्पविराम तपासले. भर सभागृहात ज्या प्रश्नासाठी ती उभी राहिली होती, त्याचं खोटं उत्तर छापायला जात होतं, आणि ही त्यातलं शुद्धलेखन बघत बसली. सूक्ष्मदर्शकाची लालूच अशी असते.

समारंभाला आठ दिवस उरले होते तो शनिवार. काम संपलं होतं, पण निबंधात घालायला एका शिंपल्याचं टिंबांसकट नीट चित्र हवं होतं, म्हणून गौतमी चौऱ्याहत्तर नंबर काढून बसली होती. हुदलीकर फिरायला गेलेले. अंबूताई चहा घेऊन आल्या, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पडद्याजवळ वाकल्या.

“चोचीचं टिंब तू टोकाला ठेवतेस होय?” त्या म्हणाल्या. “मी माथ्यावर ठेवत आले बाई. उंचवटा सगळ्यांत वर जातो ना, तिथं.”

गौतमीचा हात कपापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. तिनं विचारलं, आणि चौथं? अंबूताई म्हणाल्या, डागाच्या पुढच्या कडेला. मधोमध डाग पुसट असतो, कड कशी स्वच्छ दिसते.

चोच उंच. स्नायूची खूण पुढं सरकलेली. नव्या प्रजातीची दोन्ही लक्षणं अंबूताईंनी चहाबरोबर आणून टेबलावर ठेवली होती.

गौतमीनं ते सरासरी आकारांचं चित्र काढलं, जे तिनं पंधरा दिवस कौतुकानं पाहिलं होतं. लाल आकृतीवर निळी आकृती. बाकीची टिंबं जवळजवळ एकमेकांच्या डोक्यावर. खरा फरक पहिल्या आणि चौथ्यात. तरी एक आशा होती. शिंपले खरंच वेगळे असतील, हाताचा फरक त्यात थोडासाच मिसळला असेल. हे बघायचं कसं, ते तिला लगेच सुचलं, आणि न सुचतं तर बरं, असंही वाटलं. तिनं खालच्या खणातले दहा शिंपले घेतले आणि त्यांच्या फोटोंवर आपल्या पद्धतीनं टिंबं ठेवली. मग उठून अंबूताईंना खुर्चीवर बसवलं आणि वरच्या खणातल्या दहांवर त्यांना ठेवायला सांगितलं. अंबूताईंचा हात पाहण्यासारखा होता. चाळीस वर्षांचा सराव, एकदाही मागं-पुढं नाही, मोदकाच्या कळ्या घालाव्यात तसं टिंबामागं टिंब.

मग गौतमीनं बटण दाबलं. लाल ढगातले दहा ठिपके उठून निळ्या ढगात जाऊन बसले. निळ्यातले दहा लालमध्ये. चौऱ्याहत्तर नंबरही गेला, ऐटीत. दगड होऊन कोट्यवधी वर्षं जे जागचे हलले नव्हते, त्यांनी एका दुपारी प्रजाती बदलली, आणि खरे शिंपले तिकडं कापसावर तसेच निजलेले. टोक बरोबर की माथा बरोबर, हा प्रश्नच नव्हता. दोन्ही चाललं असतं, सगळीकडं एकच हात असता तर. डावीकडचा ढग म्हणजे अंबूताई होत्या. उजवीकडचा ढग म्हणजे गौतमी.

“म्हणजे शिंपले एकच आहेत,” अंबूताई पडद्याकडं बघून म्हणाल्या. “दोन आहोत त्या आपण.”

हुदलीकर आले तेव्हा दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. गौतमीनं सगळं सांगितलं, दहा आणि दहा शिंपल्यांचं चित्र दाखवलं. आवाज मध्येच सुकेल अशी तिला भीती होती, पण नाही सुकला. हुदलीकरांनी ऐकून घेतलं आणि मंद हसले. दोघींनी त्यांच्याच सांगण्यावरून टिंबं ठेवली, मग फरक पडेल कसा, असं त्यांचं म्हणणं पडलं. गौतमी म्हणाली, तुम्ही चोचीवर म्हणालात, पण चोच केवढी तरी आहे. ते म्हणाले, हजारात एक हा आकडा तुझ्यापेक्षा शहाणा आहे. ती म्हणाली, ढग दोन आहेत एवढंच आकडा सांगतो, कशामुळं झाले ते त्याला कुणी विचारलंच नाही. मग तिनं ते वाक्य काढलं, ‘लेखकाने स्वतः’.

“अगं, अंबूनं ठेवली म्हणजे मीच ठेवली की,” हुदलीकर म्हणाले. “घरातल्या माणसाचं वेगळं काय धरायचं?”

ते खोटं बोलत नव्हते, ही यातली खरी गंमत. त्यांना मनापासून तसं वाटत होतं. दोन माणसांनी टिंबं ठेवली तर दोघांचे हात जुळतात का ते आधी तपासायचं असतं, हे त्यांनीच व्याख्यानात सांगितलं होतं, एकशे चौदापैकी एका ‘मी’सकट. पण तपासण्यासाठी आधी माणसं दोन आहेत हे दिसायला हवं. चाळीस वर्षं आपल्या घरात एकच माणूस राहतो असं ज्याला वाटतं, त्याला एका शिंपल्यात दोन प्रजाती दिसल्या तर नवल कसलं. आणि शनिवारची पोर तर कुठल्याच गणतीत नाही. ती म्हणजे माऊसची वायर.

“हो का,” अंबूताई म्हणाल्या. “मग मोतीबिंदूही तुमचाच काढला असेल.” त्यांनी कप गोळा केले आणि आत गेल्या.

हुदलीकरांनी टेबलाचा खण उघडला, एक पांढरा लिफाफा काढला, गौतमीला दिसेल असा धरला आणि परत आत ठेवला. शिबिर फार चांगलं आहे, असं ते म्हणाले. रविवारचा समारंभ नीट पार पडू दे, मग पत्र तुझंच. हे बाकीचं शास्त्रातलं बारीकसारीक मोठे लोक बघतील, पुढं कधीतरी. तुझ्यासारख्या मुलीला अशी संधी परत परत मिळत नसते. ‘तुझ्यासारख्या’ म्हणताना आवाज पुन्हा वांगं दाबून बघितल्यासारखा झाला.

गौतमीनं त्या खणाकडं बघितलं. त्यात तिचा मे महिना होता, आणि तो सूक्ष्मदर्शक, आणि बंगळुरूच्या गाडीतली खिडकी. ती म्हणाली, “सर, निबंधातून माझं नाव काढा.” मग चौऱ्याहत्तर नंबर तिनं स्वतः उचलून कापसावर ठेवला, वरचा खण लावला आणि निघाली. फाटकाशी अंबूताई उभ्या होत्या. दोघींचं दोन मिनिटं बोलणं झालं. पाटी वाचायला लागतो त्याहून कमी वेळ.

घरी आई, यशोधरा, रविवारचा नवा ड्रेस इस्त्री करत होती. सरकारी दवाखान्यात नर्स असल्यानं तिची इस्त्रीसुद्धा पट्टी बांधल्यासारखी, एक सुरकुती शिल्लक नाही. अप्पा, म्हणजे बुद्धभूषण, बस डेपोत वेळापत्रक लावायचं काम करायचे, आणि बेळगावच्या काकांना फोनवर किती वाजताची बस धरायची ते सांगत होते. सगळ्यांना घेऊन या, पोरीचं नाव छापून येणार आहे. गौतमी दारातच थांबून म्हणाली की फोन ठेवा जरा. असं ती या घरात आधी कधी म्हणाली नव्हती, म्हणून अप्पांनी ठेवला.

तिनं सगळं सांगितलं. टोक आणि माथा समजवायला आईच्या बोटाचं पेर वापरलं. अप्पांनी दोनदा विचारून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा पंधरा दिवसांचा आनंद हळूहळू उतरत गेला, आणि ते बघणं लिफाफ्याकडं बघण्याहून अवघड होतं. आई पहिल्यांदा पत्राचंच बोलली. महिनाभर त्या शिबिराचं नाव तुझ्या तोंडात आहे, झोपेतसुद्धा, ती म्हणाली. रविवार गेल्यावर बोललीस तर चालणार नाही काय. गौतमी म्हणाली, रविवार गेला की ते छापून जगभर जाईल, आणि मग मी बोलले काय अन् न बोलले काय.

“आणि तूच चुकत असलीस तर?” अप्पांनी विचारलं.

“तर चांगलंच की. कुणीही दहा शिंपले घेऊन टिंबं ठेवून बघावं, माझी चूक दिसेल. त्यांची दिसत नाही ती त्या ‘लेखकाने स्वतः’च्या वाक्यामुळं.”

आईनं इस्त्री उभी केली. ती म्हणाली, वॉर्डात साधा ताप बघितला तरी कुणी बघितला त्याची सही करतो आम्ही. मोठ्या डॉक्टरांच्या नावावर नाही ढकलत. असं म्हणून तिनं ड्रेसची राहिलेली बाही उलटली आणि तिच्यावर इस्त्री फिरवायला घेतली, म्हणजे काय ते गौतमीला कळलं.

“पत्र मिळणार नाही, ते मला ठाऊक आहे,” गौतमी म्हणाली. “तरी काकांना येऊ दे. मी रविवारी जाणार, हाच ड्रेस घालून, पहिल्या रांगेत. शेजारी अंबूताई बसणार आहेत, त्यांनी कबूल केलंय. ते व्याख्यान देतील आणि शेवटी कुणाला काही शंका आहे का म्हणून विचारतील, तेव्हा मी उठून तोच प्रश्न परत विचारणार. या वेळी गिरमिटाशिवाय.”